फळ्या बदलून बदलून थकलात? आधी ओट्याखाली बघा

गेल्या आठवड्यात बाजूच्या गावातल्या एका पोराचा फोन आला. "दादा, नव्या फळ्या टाकून दोनच पावसाळे झाले, अन् पुन्हा त्याच जागी पाय धसला. वाढईनं लाकूडच खोटं देल्लं काय?" मी विचारलं, ती जागा भिंतीपासून किती दूर आहे? तो टेप घेऊन गेला आणि मोजून आला. दीड फूट. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावल्यासारखी एका रेघेत.

लाकूड खोटं असतं तर कुठंही सडलं असतं. सगळ्या फळ्या दीड फुटावरच सडतात तेव्हा तिथं वरून काहीतरी पडतंय, एवढं फोनवरही कळतं. आणि मला ते कळलं कारण हेच दुखणं मी सात वर्षं काढलं आहे. त्या पोराला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. विदर्भातल्या काळ्या मातीत ज्यांनी घरापुढं किंवा मागच्या दारी लाकडी ओटा केला आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुखणं यातलंच एखादं निघेल.

शहरात ज्याला डेक म्हणतात तोच हा फळ्यांचा ओटा. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटकडच्या काळ्या पट्ट्यात. २०१५ मध्ये आजोबांच्या काळची माडी उतरवली, तेव्हा सव्वा इंच जाडीच्या सागाच्या फळ्या निघाल्या. त्या चुलीत घालायला मन होईना, म्हणून मागच्या दारी बारा बाय आठ फुटांचा ओटा केला. उन्हाळ्यात आई त्यावर कुरडया आणि मूगवड्या वाळू घालते, पोरं अभ्यासाला बसतात, कापूस घरात आला की भावाच्या गोष्टी तिथंच होतात. २०१८ मध्ये नऊ फळ्या बदलल्या. २०२० मध्ये आणखी आठ. दोन्ही वेळा कारण न शोधता फक्त फळ्या बदलल्या. २०२२ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी वर आलेल्या खिळ्यानं आईची टाच फाडली. धनुर्वाताचं इंजेक्शन, तीन टाके. त्या रात्री ठरवलं की आता फळी आणायच्या आधी कारण शोधायचं.

आधी दुखणं ओळखा

हातात एक स्क्रू ड्रायव्हर किंवा टोच्या घ्या आणि ओट्याची प्रत्येक फळी आणि फळ्या ज्यावर टेकतात ती प्रत्येक कडी (आडवं लाकूड) टोचून बघा. वरून नाही, खालून आणि टोकांना. फळ्या उचलताना हात आत घालू नका, सब्बलीनं उचला आणि बॅटरी मारून बघा. आमच्या ओट्याखाली दोन विंचू निघाले होते, आणि आपल्याकडे घोणस-मण्यारही अशाच गार जागेत बसतात.

टोच्या लोण्यात गेल्यासारखा गेला आणि लाकूड तपकिरी होऊन बारीक चौकोनी तुकड्यांत तुटलं, तर ती बुरशी. तिला पाणी लागतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढूच शकत नाही, म्हणून बुरशी दिसली की पाणी कुठून येतं ते शोधायचं.

फळी वरून धड, पण बोटानं वाजवली तर पोकळ आवाज आणि आत ओली माती भरलेली, तर उधई. कुठंतरी जमिनीतून वर चढलेली मातीची पेन्सिलीएवढी नळी सापडेलच.

टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यातून मैद्यासारखी भुकटी, तर भुंगेरा. तो बहुधा सागाच्या बाहेरच्या पांढरट लाकडातच असतो. त्याची फार काळजी करू नका, तेवढा पांढरा भाग काढून टाका.

फळीच्या दोन्ही कडा उचलून मध्ये पन्हाळीसारखा खोलगटपणा आला असेल, तर फळी वरून सुकते आहे आणि खालून ओली राहते आहे. हे लक्षण सगळ्यात आधी दिसतं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतं. लोक वाढईला बोलावून वरून रंधा मारून घेतात. फळी पातळ होते, खालचा ओलावा तिथंच राहतो आणि पुढच्या वर्षी कडा पुन्हा उचलतात.

आणि ओट्याचा एखादा कोपराच उन्हाळ्यात खाली आणि पावसाळ्यात वर जात असेल, तर ती काळी माती.

आमच्या ओट्याला भुंगेरा सोडून सगळं होतं.

वरचं पाणी

सडलेली रेघ भिंतीपासून दीड फूट होती हे मला २०१८ मध्येच दिसलं होतं. पण मी खालीच बघत राहिलो. आमच्या गावचे एक म्हातारे वाढईकाका आहेत. ते ओट्यावर उभे राहिले, खाली बघितलं, मग मान वर केली आणि म्हणाले, "तुमी सारे इलाज फळीचे केले. कवेलूचं पानी कुठी पडते ते पायलं काय?"

कवेलूंची वळचण भिंतीपासून बरोबर दीड फूट बाहेर होती. दुसरी कडी सोळा इंचावर, म्हणजे पागोळ्या जिथं पडायच्या तिथून जेमतेम दोन इंचांवर. फळी आणि कडी जिथं टेकतात त्या फटीत पाणी शिरायचं आणि तिथंच बसून राहायचं, कारण त्या जागी ना ऊन पोचतं ना वारा.

किती पाणी, याचा हिशोब केला तेव्हा खरं वाटेना. ओट्याकडे उतरणारं छप्पर बारा फूट लांब आणि जमिनीवर मोजलं तर दहा फूट रुंद, म्हणजे १२० चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडे पावसाळ्याचा ९०० मिलिमीटर धरला तर ११ गुणिले ९००, जवळजवळ १०,००० लिटर. गावात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, तेवढं अख्खं टँकरभर पाणी दरवर्षी बोटभर रुंदीच्या त्या रेघेवर पडत होतं. अशा जागी शिसम टाकलं तरी टिकलं नसतं.

इलाज सोपा निघाला. टिनाची पन्हाळ वळचणीला लावून घेतली आणि पाइपानं पाणी परसातल्या केळीच्या आळ्याकडे नेलं. एकच काळजी घ्या. वानरं पन्हाळीवर उड्या मारतात, म्हणून पट्ट्या तीन-तीन फुटांवर न ठोकता दीड-दीड फुटावर ठोका, आणि मृग लागायच्या आत कडूनिंबाचा पाला त्यातून काढून टाका. पन्हाळ तुंबली की पाणी पुन्हा ओट्यावर.

ज्यांचं छप्पर टिनाचं आहे त्यांच्याकडे पाणी जोरात आणि लांब पडतं, तेव्हा रेघ दीड फुटावरच असेल असं नाही. पाऊस चालू असताना एकदा बाहेर उभं राहून बघा, एवढ्यानं निम्मं काम होतं.

खालचं पाणी

आता माझी मोठी चूक, जी मी अनेक ठिकाणी तशीच झालेली बघतो.

२०२० मध्ये ओट्याखाली ओल राहते म्हणून मी फूटभर काळी माती काढली आणि खड्ड्यात चाळीस एमएमची गिट्टी भरली. गिट्टीतून पाणी झिरपून जाईल अशी कल्पना. टाच फाटली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात फळ्या उचलल्या आणि गिट्टी हातानं बाजूला केली. वीतभर खाली पाणी. पाऊस उघडून चार दिवस झाले होते, अंगणातली माती वरून फुटायला लागली होती, आणि ओट्याखाली विहिरीसारखं गार, स्वच्छ पाणी साचलेलं.

काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात, मग तिच्यातून पाणी खाली जवळजवळ जात नाही. अशा मातीत खड्डा करून त्यात गिट्टी भरणं म्हणजे ओट्याखाली हौद बांधणं. सगळ्या अंगणाचं पाणी त्या मोकळ्या गिट्टीत येऊन बसतं, दिवसा तापलं की वाफ होऊन फळ्यांच्या पोटाला लागते. वरून भाद्रपदाचं ऊन, खालून वाफ. कडा उचलणार नाहीत तर काय.

तुमच्याकडे हे होतं का, हे बघायला एक प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद ओट्याखालच्या जमिनीवर पसरा, कडांवर दगड ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागदाच्या खालच्या बाजूला थेंब धरले असतील तर जमीन ओल सोडते आहे. आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये, पाऊस जाऊन महिना झाल्यावरही कागद घामेजलेला होता.

ओटा हलतो कशामुळे

काळ्या मातीबद्दल शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. मे महिन्यात भेगेत हात जातो. आषाढात तीच भेग शोधून सापडत नाही. या मातीत पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती असते, आणि ती फुगताना भिंती तडकवते, मग ओट्याचं काय घेऊन बसलात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी खाली कांद्यासारखा फुगीर गड्डा असलेले काँक्रीटचे खांब तयार केले, जे हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन घट्ट बसतात. घर बांधताना तो मार्ग योग्य आहे. दोन शनिवार-रविवारच्या ओट्याला तेवढा खर्च करायची गरज नाही.

ओट्यासाठी उलटा विचार करावा लागतो. मातीला हलू द्यायचं आणि ओटा तिच्यावर अख्खा, एकसंध तरंगू द्यायचा. म्हणजे दोन गोष्टी. एक, ओटा घराच्या भिंतीला अजिबात जोडायचा नाही, इंचभर फट ठेवायची. घर आपल्या पायावर उभं असतं, ओटा वरच्या मातीवर, आणि दोघांना एकत्र ठोकलं की पावसाळ्यात ओट्याचा बाहेरचा भाग उचलतो आणि भिंतीकडच्या कड्या मोडतात किंवा खिळे उपटतात. दोन, खांब जमिनीत गाडायचे नाहीत. काळी माती गाडलेल्या खांबाला चारी बाजूंनी धरते आणि फुगताना घेऊन वर जाते, शिवाय मातीत गेलेलं लाकूड हे उधईला दिलेलं आमंत्रण.

हे शिकायला मला रुडकीला जावं लागलं नाही. आमच्या माडीचे खांब तळखड्यांवर उभे होते. दगडी चौकोन, वर थोडा घडवलेला, त्यावर खांब. माडी उतरवली तेव्हा खांबांचे तळ बोटानं खरवडून बघितले होते, कोरडे ठणठणीत. आणि त्याच माडीच्या फळ्या मी आणून विटांवर आणि मातीवर मांडल्या. सातच तळखडे शाबूत मिळाले, ते अंगणात पोरं बसायला वापरत होती. पाच मी फूट बाय फूट काँक्रीटचे ओतून घेतले.

काम: पहिला शनिवार-रविवार

महिना मार्चचा धरा. जमीन कोरडी असते, लाकूड कोरडं असतं, आणि उन्हाचा तडाखा अजून सहन होण्यासारखा असतो.

ओट्याच्या मापापेक्षा चारी बाजूंनी फूटभर जास्त, म्हणजे चौदा बाय दहा फुटांत, दीड फूट खोलपर्यंत जुनी गिट्टी आणि काळी माती काढली. दोन माणसं मदतीला होती, तरी एक पूर्ण दिवस लागला. खड्ड्याचा तळ सपाट ठेवू नका. घराच्या विरुद्ध बाजूला दोन-तीन इंचांचा उतार द्या आणि उताराच्या टोकाहून एक चर काढून पाणी जायला वाट करून द्या. ही वाट नसेल तर तुम्ही माझ्यासारखा हौदच बांधाल.

मग मुरूम. पावणेतीन ब्रास लागला, म्हणजे ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या. मुरूम गौण खनिज आहे, रॉयल्टीची पावती असलेलाच घ्या. सहा-सहा इंचांचे थर टाकायचे, पाणी शिंपडायचं आणि धुम्मसनं कुटायचं. पाणी किती, तर मुरूम मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी निघता कामा नये. कुटताना आधी धप्प असा आवाज येतो. कुटत राहिलं की आवाज टणक होतो आणि धुम्मस हाताला उसळी देते. तो आवाज आला की थर बसला. शेवटचा थर आजूबाजूच्या अंगणापेक्षा चार इंच उंच ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी ओट्याखाली शिरायच्या ऐवजी बाजूनं निघून जातं.

रविवारी तळखडे मांडले. चार ओळी, प्रत्येकीत तीन, एकूण बारा. तीन इंच मुरमात बसवले, नऊ इंच वर दिसत राहिले. हे नऊ इंच फार मोलाचे आहेत. त्यातून वारा जातो, झाडू जातो आणि उधईची नळी चढली तर डोळ्यांना दिसते. काटकोनासाठी सहा-आठ-दहाचा हिशोब (एक बाजू सहा फूट, दुसरी आठ, तर तिरकं माप दहा), लेव्हलसाठी पाण्याची नळी. भिंतीपासून बाहेर आठ फुटांत एक इंच उतार ठेवला.

पुढचा आठवडा काहीच केलं नाही. दगडांना बसू दिलं.

दुसरा शनिवार-रविवार

प्रत्येक तळखड्यावर डांबरी फेल्टचा तुकडा आणि फरशीची एक पातळ चकती ठेवली. फेल्टमुळे दगडातली ओल लाकडात चढत नाही. चकती यासाठी, की उद्या एखादा कोपरा खचला तर ट्रॅक्टरच्या जॅकनं ओटा थोडा उचलून आणखी एक चकती सरकवता येते. २०२४ च्या मे महिन्यात एक कोपरा खरंच आठ-नऊ एमएम खाली गेला होता. अर्ध्या तासात लेव्हल करून दिला, एकही स्क्रू काढावा लागला नाही.

त्यावर भिंतीपासून बाहेर जाणाऱ्या चार इंची चार तुळया. त्यांच्यावर आडव्या सात कड्या, सोळा-सोळा इंचांवर, उभ्या बाजूनं दोन बाय चारच्या. कड्यांच्या माथ्यावर छपराला लावतात ती डांबरी चिकटपट्टी लावली. फळी आणि कडी यांच्यामध्ये पाणी अडकलं तरी ते कडीत मुरू नये म्हणून. स्क्रू या पट्टीतून जातो तेव्हा पट्टी त्याला आवळून धरते.

फळ्यांच्या फटीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण फळ्या चिकटवून बसवतात आणि दिसायला छान दिसतं म्हणून खूश होतात. आपल्या उन्हाळ्यात लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर उतरतो. श्रावणात तो सोळा-अठरापर्यंत चढतो. सागाची सहा इंच रुंदीची फळी एवढ्या फरकात साधारण तीन एमएम रुंद होते. तेवीस फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या तर सगळ्या मिळून जवळजवळ सात सेंटीमीटर जागा मागतात. जागा नाही मिळाली की त्या खिळ्यांना उपटून वर येतात. आईच्या टाचेत गेलेला खिळा असाच वर आला होता. गुळगुळीत खिळा तर दर पावसाळ्यात थोडा थोडा सरकतच राहतो, कितीही ठोका.

म्हणून मार्चमध्ये बसवताना सहा एमएमची फट ठेवा. मापाला रिंगांसाठी वापरतात ती सहा एमएमची सळई घ्या, तिचे वीत-वीत तुकडे करून दोन फळ्यांमध्ये उभे धरा, फळी आवळा, तुकडे काढा. श्रावणात ही फट तीन एमएमवर येते, पाणी निथळतं, वारा खेळतो. पावसाळ्यात ओली फळी बसवायची वेळ आली तर तीनच ठेवा, उन्हाळ्यात ती आपोआप मोठी होईल.

फळीची कोणती बाजू वर? टोकाकडून बघा. लाकडातल्या वलयांची कमान घुमटासारखी दिसली पाहिजे, म्हणजे सालीकडची बाजू वर. कोरडी फळी पावसात भिजली की मध्ये थोडी उचलते आणि पाणी दोन्हीकडे ओघळतं. हे कोरड्या फळीसाठी. लाकूड ओलं असेल तर सुकताना उलटं होतं, म्हणून ओलं लाकूड आधी सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, रचून सुकू द्यावं. सुकलं की नाही हे ओळखायला एका तुकड्याचं किराणा दुकानातल्या काट्यावर रोज वजन करा. तीन-चार दिवस तेच वजन आलं की झालं.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, तीन इंची, प्रत्येक फळीला प्रत्येक कडीवर दोन, एकूण ३२२. आधी बारीक भोक पाडूनच. जुना साग टोकाशी चटकन चिरतो. कडेपासून सव्वा इंच आत घ्या.

लाकूड कोणतं

लोक सांगतात, बल्लारशाचाच साग आणा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग चांगला यात शंकाच नाही, २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहूनच लाकूड गेलं. पण साग टिकतो तो त्याच्या गाभ्यामुळे. बाहेरचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी इतर कच्च्या लाकडासारखंच सडतं, आणि कमी वयाच्या झाडात तेच जास्त असतं. विकत घेताना प्रत्येक फळीची दोन्ही टोकं बघा. पांढरी कड दिसली तर ती कापून मिळेल का विचारा, नाहीतर ती फळी सोडा. बीजा मिळाला तर आनंदानं घ्या. ऐनाचं लाकूड कड्यांना चांगलं, फक्त त्यात साधं लोखंड ठोकलं की काळे डाग पडतात. सलई आणि आंबा बाहेरच्या कामाला नको.

आमच्या जुन्या फळ्यांपैकी सहा वाचल्या. सडलेली टोकं कापली, रंधा मारला, आणि आतून तोच मधासारखा रंग निघाला.

उधई आणि तेल

उधईसाठी औषधाच्या आधी स्वच्छता. ओट्याखाली सरपण, पऱ्हाट्या, पुठ्ठे काहीही ठेवायचं नाही. आमच्या ओट्याखाली तुराट्यांची मोळी होती, उधई आधी तिच्यात आली आणि मग वर. महिन्यातून एकदा वाकून बारा दगड बघायचे, नळी दिसली की खरवडून टाकायची.

तरीही आलीच तर भारतीय मानकाच्या आयएस ६३१३ मध्ये जमिनीला औषध देण्याची पद्धत दिली आहे. क्लोरपायरीफॉस २० ईसी (वीस टक्क्यांचं) असेल तर एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण. ते जमिनीत, दगडांभोवती द्यायचं, फळ्यांवर नाही. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर देऊच नका. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, आणि वारा ज्या बाजूनं येतो तिकडे पाठ. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट आहे. ओट्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालू नका. बोरिक-बोरॅक्सचं पाणी घरातल्या लाकडाला चांगलं, पण उघड्यावर पावसात धुऊन जातं.

जळकं ऑईल लावू नका, कृपा करून. गावात सर्रास लावतात. त्यात शरीराला घातक द्रव्यं असतात आणि या ओट्यावर पोरं उघड्या पायानं फिरतात, आपण पापड वाळवतो. जुनी माणसं बिब्याचं तेल लावायची, पण ते उततं, हातापायाला फोड येतात. मी जवसाचं डबल बॉईल तेल लावतो, पहिल्या हाताला थोडं टर्पेंटाइन मिसळून. कच्चं जवस तेल कित्येक दिवस सुकत नाही आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. फळीच्या कापलेल्या टोकांना तेल तीन-चार वेळा पाजा, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच आत जातं. ऑइलपेंट मात्र मी पुन्हा लावणार नाही. २०१८ मध्ये लावला होता, त्याला बारीक चिरा गेल्या, पाणी आत शिरलं आणि रंगाखाली कोंडून राहिलं.

तेल पुसलेल्या चिंध्यांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जवस तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर सुकताना ती स्वतःच तापते आणि पेट घेऊ शकते. आपल्या एप्रिल-मे मध्ये तर नक्कीच हा खेळ नको. काम झालं की चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर एक-एक मोकळी पसरून वाळवा.

तीन पावसाळे झाले. फळ्या सपाट आहेत, दीड फुटावरची रेघ कोरडी आहे. मागच्या भाद्रपदात पुन्हा प्लॅस्टिकचा कागद पसरून बघितला, सकाळी दोन-चार थेंब होते, पूर्वी कागद चिंब असायचा. वर्षातून एकदा होळीच्या सुमारास तेलाचा एक हात देतो आणि सैल स्क्रू आवळतो, सकाळच्या दोन तासांचं काम.

त्या पोराला मी म्हटलं, फळ्यांचे पैसे अजून कुणाला देऊ नको. आधी पन्हाळ लाव. मग कागद पसर, सकाळी फोटो पाठव. थेंब दिसले तर मार्चच्या पहिल्या शनिवारी मी येतो, धुम्मस माझ्याकडे आहे, मुरमाचं तू बघून ठेव.